भूमिकाच्या नावाची मूठ

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, आमच्या भाऊबंदकीचे कारभारी आणि माझे चुलतबंधू माननीय उमाकांतदादा. प्रमुख पाहुणे, मिरचीचे नामवंत व्यापारी चुनीलालशेठ. सूत्रसंचालनाची बाजू गोड आवाजात सांभाळणारा राजेंद्र. पहिल्या रांगेत बसलेली माझी काकू कौसाबाई, म्हणजे अध्यक्षांच्या मातोश्री. माझ्या दिवंगत भावाची, हेमकांतची पत्नी नुरहान. जिचा सत्कार आणि खेळातून निरोप असं दोन्ही आपण एकाच शालीत उरकलं ती माझी भाची भूमिका. आणि रनाळ्यापासून तळोद्यापर्यंतच्या गावांतून कामं टाकून आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

माझ्याकडे आभारप्रदर्शन आहे. हे काम बहुतेक वेळा बाईकडे येतं आणि ते ऐकायला बहुतेक वेळा कोणी थांबत नाही. पण आज वरण-बट्टीचा वास इथवर येतो आहे आणि आभार झाल्याशिवाय वाढायचं नाही असं ठरलं आहे. तेव्हा कोणी उठून जाणार नाही, याची मला खात्री आहे. बसा सगळे. थोडा वेळ लागेल.

मघाशी अध्यक्षांनी जाहीर केलं, आणि टाळ्याही झाल्या, की उद्या रविवारी आपल्या कुळाच्या कानबाईला भूमिकाच्या नावाची मूठ पडेल. चुनीलालशेठ, तुम्ही आमच्या भाऊबंदकीतले नाही, म्हणून तुमच्यासाठी सांगते. श्रावणात कानबाई, म्हणजे आमची कुळाची देवी, घरात बसते तेव्हा आमच्या कुळात जितकी माणसं, तितक्यांच्या नावानं सुपात सव्वा-सव्वा मूठ गहू टाकतात. कुळात जन्मलेल्यांच्या नावानं आणि कुळात लग्न होऊन आलेल्या सुनांच्याही. ते गहू एकत्र दळायचे, त्याचा रोट, म्हणजे पुरणपोळ्यांचा नैवेद्य करायचा आणि तो आपल्यातल्यांनीच खायचा. बाहेरच्याला त्यातला घास देत नाहीत. ज्याच्या नावाची मूठ पडली तो आपला, नाही पडली तो परका. इतकं ते सोपं आहे आणि इतकं ते अवघड आहे.

दादांनी त्या घोषणेला शेवटी आणखी एक वाक्य जोडलं, तेव्हा टाळ्या जरा विरळ झाल्या. ते म्हणाले, नुरहानबाईंची सोय बाहेर ओट्यावर, पाहुण्यांच्या पंगतीत केली आहे. म्हणजे लेक आत आणि आई बाहेर. उद्या टीव्हीवाले येणार आहेत, लेक रोट खाताना त्यांना दाखवायची आहे, म्हणून उत्तर आजच हवं.

भूमिकाला मराठी समजत नाही. अहिराणी मात्र समजते, कारण तिचे वडील तिच्याशी दुसऱ्या भाषेत बोललेच नाहीत. मघाशी मी तिच्या कानात सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, तूच सांग. तुले माहित शे." तेव्हा ते उत्तर मी देणार आहे. पण मला काम आभारांचं दिलंय, ते आधी.

पहिले आभार बॅनर करणाऱ्यांचे. फोटो छान आलाय. फक्त भूमिकाच्या पायात चार चाकांचे बूट लावलेत आणि सन्मानचिन्हावरही चाकंच बसवलीत. ती बर्फावर खेळते हो! बुटाखाली पोलादी पातं असतं. त्या पात्याच्या धारेवर ती उड्या मारते, गिरक्या घेते, आणि हे सगळं संगीतावर, तुर्कस्तानच्या वतीनं. चाकांशी तिचा संबंध आला तो परवा स्टेशनवरून रिक्षात बसली तेवढाच. पण तिनं ते सन्मानचिन्ह हातात घेतलं, बोटानं चाक फिरवून पाहिलं आणि गोड हसली. माफ करून टाकण्याचा हा स्वभाव तिला तिच्या आईकडून आला असावा. आमच्याकडून नक्कीच नाही.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दहाव्या वर्षी वडिलांनी मला नाशिकला बोर्डिंगमध्ये घातलं. तिथल्या सिस्टर्स रोज सकाळी प्रार्थनेला क्षमा शिकवायच्या. फार प्रेमळ होत्या. अजून कधी कधी मला त्यांच्या झग्याचा साबणाचा वास येतो. त्यांनी शिकवलेलं बाकीचं सगळं मी शिकले, शिवणकाम, व्याकरण, पियानोसुद्धा. तेवढा एक धडा माझ्या डोक्यात शिरला नाही.

दिवाळीत आणि मे महिन्यात मी गावी यायचे. हेमकांत माझ्याहून लहान. आमच्या विहिरीच्या पाटात शेवाळ साचायचं. मोटार बंद झाली की पाटात पाण्याचा नुसता पातळ थर उरायचा. त्यावरून हेमकांत उभ्यानं घसरत जायचा, दोन्ही हात पसरून, पार केळीच्या बागेपर्यंत. आम्ही बाकीची पोरं ढुंगणावर आपटायचो, तो नाही. कौसाकाकू बांधावरून ओरडायची, "अरे भाड्या, पडशी ना! कंबर मोडी जाई!" आणि तो वळून तिला हात करायचा. बर्फ त्यानं तेव्हा सिनेमातच पाहिलेला. भूमिकाच्या कारकिर्दीची सुरुवात कुठं झाली असं परवा एका पत्रकारानं मला विचारलं. मी त्याला पाटाचं सांगितलं, तर त्यानं लिहून घेतलं नाही.

हेमकांत कापडाचा इंजिनिअर झाला आणि सूतगिरणीच्या नोकरीवर तुर्कस्तानात गेला. बुर्सा नावाचं शहर. तिथं त्यानं नुरहानशी लग्न केलं. भूमिका पाच वर्षांची झाली तेव्हा तो दोघींना घेऊन गावी आला, मुद्दाम कानबाईला. मीही दरवर्षीप्रमाणे शाळेतल्या नोकरीतून रजा काढून गेले होते. माझं स्वतःचं लग्न झालं नाही, त्यामुळे माझी मूठ याच कुळात पडते.

त्या दिवशी सूप दादांच्या हातात होतं. काका नुकतेच गेलेले, कारभार नवीन. दादा एकेकाचं नाव घेत होते आणि ज्याचं नाव येई तो पुढं होऊन सुपाला हात लावत होता. लहान मुलांना त्याचं केवढं अप्रूप असतं! भूमिका परकर-पोलक्यात ओळीत उभी होती, दोन्ही तळवे पुढं करून. तिच्या आधीच्या मुलाचं नाव आलं. तिच्या नंतरच्या मुलीचं नाव आलं. ओळ संपली. ती तशीच उभी.

हेमकांत म्हणाला, "दादा, मन्ही पोर ऱ्हायनी."

दादा म्हणाले, "ती मुसलमान बाईनी पोर शे. कानबाईना सुपले तिले हात कसा लावू दिऊ? दोन्हीस्ले ओटावर बसाड. पाव्हनी शेतस त्या."

आणि त्या पसरलेल्या तळव्यांवर कोणीतरी बिस्किटाचा पुडा ठेवला. पोरीला वाटलं, आपल्याला हाच मान आहे. ती खूश होऊन तो पुडा आईला दाखवायला ओट्यावर पळाली.

हेमकांत भांडला नाही. आमच्या घरात थोरल्यांशी भांडायची पद्धत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो सुरतेकडे निघाला. मी स्टेशनवर पोहोचवायला गेले होते. तो परत कधीच आला नाही. तर उमाकांतदादा, दुसरे आभार तुमचे. त्या दिवशी तुम्ही सूप आखडतं घेतलं नसतं तर हेमकांत दरवर्षी कानबाईला आला असता, पोर इथंच रमली असती आणि बर्फाकडे गेलीच नसती कदाचित. मिळेल तिथून आभाराला जागा काढायची असते, नाही का?

त्या हिवाळ्यात हेमकांतनं तिला इझमितच्या बर्फाच्या मैदानावर नेलं. तिथं तिला पहिल्यांदा पाती लावली. तो तिचे बूट बांधायचा आणि बांधताना गुणगुणायचा. कानबाईच्या गाण्याची चाल. शब्द त्याला पहिल्या ओळीपुरतेच येत. ती पडली की कठड्यापाशी उभा राहून म्हणायचा, "ऊठ वं माय." दुसरं काही नाही. तिच्या प्रशिक्षक बाई रशियन होत्या. त्या सुद्धा काही दिवसांनी "ऊठ वं माय" म्हणायला लागल्या.

ती ज्युनिअर गटात जिंकली, मग मोठ्या गटात तुर्कस्तानची राष्ट्रीय विजेती झाली. हेमकांतनं फोटो पाठवला. मी वेडीसारखी पेढे घेऊन गावी गेले. दादांनी फोटो पाहिला, पेढा खाल्ला आणि म्हणाले, "आपल्या घरची पोर एवढ्याशा कपड्यांत उभी आहे, हे गावात दाखवत फिरू नको." बघा हं, त्या दिवशी ती 'आपल्या घरची' झाली होती. लाज वाटण्यापुरती.

मग युरोपची स्पर्धा आली. तिथं पहिल्या फेरीतून चोवीस जणी पुढं जातात. त्यात लट्झ नावाची एक उडी असते. पाठमोरं जायचं, पात्याच्या बाहेरच्या धारेवर झुकायचं, आणि शरीर ज्या बाजूला वळतंय त्याच्या उलट्या बाजूला गिरकी घेत उडायचं. तीन वेढे. भूमिका त्या उडीवर पडली. कंबरेवर पडली, घसरत कठड्याला आपटली, उठली आणि उरलेलं सगळं पूर्ण करून आली. पंचविसावी आली. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या पडण्यात घोटा मोडला होता, आणि तसल्या पायावर ती पुढचं सगळं खेळली होती.

ते पडणं कोणीतरी मोबाईलवर आपल्या भाऊबंदकीच्या ग्रुपवर टाकलं. तुम्ही बरेच जण त्या ग्रुपवर आहात. खाली दादांनी काय लिहिलं होतं, आठवतं? नसेल आठवत. मला आठवतं. "कानबाईना रोट खादा नही, मंग पडनारच." आणि त्याखाली हसणारे चेहरे. किती ते मी मोजले नाहीत. पण कोणाकोणाचे ते मला ठाऊक आहे, आणि त्यातले बरेचसे आज टोपी घालून समोर बसलेत.

कुणीतरी ते हेमकांतपर्यंत पोचवलं. त्याचा मला फोन आला. पोर शस्त्रक्रियेसाठी आत होती आणि तो बाहेर बाकावर बसला होता. मला वाटलं, चिडला असेल. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, खरंच कानबाई रागावनी व्हई का वं?"

माझा इंजिनिअर भाऊ. तिथल्या गिरणीतली निम्मी यंत्रं ज्यानं बसवली तो माणूस. मी त्याला किती समजावलं! देवी असं करत नाही, माणसं करतात. त्यानं 'हो, हो' केलं. पण त्यानंतर प्रत्येक फोनवर तो फिरून तिथंच यायचा. पुढच्या हिवाळ्यात त्याचं हृदय थांबलं. पोरगी आपल्यामुळे पडली, हे मनात घेऊन तो गेला. दादा, बाकी सगळं मी सोडलं असतं. ओटा सोडला असता, बिस्किटाचा पुडा सोडला असता. हे सोडणार नाही. आज हार तुमच्या गळ्यात आहे, म्हणून तर मुळीच नाही.

पाणी देता का जरा? धन्यवाद.

वडील गेल्यावर भूमिकानं खेळ सोडायचं ठरवलं होतं. मग एक दिवस तिचा फोन आला. शेवटचा एकच हंगाम खेळायचा आहे आणि वडील बूट बांधताना जे गुणगुणायचे त्यावर खेळायचं आहे. "आत्या, फुडे काय शे त्या गानामा?" मला काय ठाऊक? शिकायच्या वयात सगळा श्रावण माझा नाशिकला जायचा. इथं बायका कानबाईपुढं गायच्या तेव्हा मी तिथं येशूची भजनं म्हणत असायचे. पहिली ओळ मलाही तेवढीच येत होती.

आपल्या कुळात ती गाणी अथपासून इतिपर्यंत एकाच बाईला येतात. तिनं सुरुवात करायची, बाकीच्यांनी मागून ओढायचं. अजूनही तसंच आहे. मी तिला सांगावा धाडला. ती डोळे दाखवायच्या निमित्तानं नंदुरबारला आली, माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली, पदर डोक्यावरून नीट घेतला. मी फोन पुढं धरला. म्हणाली, "यामा गावानं? हाई तोंडपुढे काय धरस? दूर धर, माले लाज वाटस." मी विचारलं, घरी कळलं तर? तर म्हणाली, "पोर पडनी त्यानं काय हासनं? चालाले शिकताना उमाकांत बी पडना व्हता. तवय कानबाईनी काय बिघाडं व्हतं?" आणि गायला लागली. बाहेर भाजीवाला ओरडत होता. त्याला मी खिडकीतून हातानंच गप्प बसवलं.

कौसाकाकू, मी तुला शब्द दिला होता की तुझं नाव सांगणार नाही. पण मघाशी तू पहिल्या रांगेतून मान हलवलीस ना? सांग म्हणालीस ना? मग सांगते आहे.

तर त्या गाण्यावर भूमिका शेवटची युरोपची स्पर्धा खेळली. उन्हात पथारीवर पसरून वाळवलेल्या मिरचीच्या रंगाचा पोशाख. मागं थोडी चेलो नावाच्या वाद्याची साथ आणि वर काकूचा आवाज. तिकडची हजारो माणसं शांत बसून ऐकत होती. तीच लट्झ आली, त्याच कोपऱ्यात. ती उडाली, तीन वेढे घेतले आणि एका पायावर अशी अलगद उतरली, जशी उतरायला हवी तशी. एकदाही पडली नाही. अकरावी आली. पदक नाही. बॅनरवर 'युरोपची सुवर्णकन्या' छापलंय, ते खरं नाही. अकरावी हे पुरेसं आहे. आपल्या जिल्ह्यातून त्या बर्फापर्यंत दुसरं कोण पोचलंय?

ती चित्रफीत जगभर फिरली. 'मूळची नंदुरबारची' असं पेपरात आलं आणि मग आपल्या भाऊबंदकीला ती आठवली. मघाशी इथं पडद्यावर आपण ती पाहिली. पाहून झाल्यावर अध्यक्ष काय म्हणाले? "काय ते तुर्की गाणं! एक शब्द कळला नाही, पण सूर काळजाला भिडला."

हसताय? बायका तर मघाशीच पदरात तोंड लपवून हसत होत्या. त्यांना पहिल्या ओळीलाच कळलं होतं. दादांना कसं कळणार? कानबाईच्या रात्री बायका आत गातात आणि पुरुष ओट्यावर पत्ते कुटतात. इतकी वर्षं ते गाणं भिंतीपलीकडे चाललं होतं, आणि दादा हुकूम कोणाचा ते विचारत होते. दादा, ते तुर्की नव्हतं. ती तुमची आई होती. तुम्ही जिच्या पोटी आलात तिचा आवाज सगळ्या युरोपनं मन लावून ऐकला. ओळखला नाही तो तुम्ही एकट्यानं.

काय म्हणतेस, काकू? माईक नको? बरं, बसल्या जागी बोल, मी सांगते. मागच्यांना ऐकू गेलं नसेल. काकू म्हणते आहे, "मन्हा पोऱ्याले मन्हा आवाज वळखता उना नही. आते त्या घरमा मी काय गाऊ?"

आता उत्तर. भूमिकाच्या वतीनं आणि तिच्या आईच्या वतीनं सांगते. आईला ओट्यावर बसवून मिळणारी मूठ भूमिकाला नको. ती मूठ हेमकांतनं मागितली होती तेव्हा तिची किंमत होती. आज तुम्ही ती टीव्हीसाठी देताय. आणि उद्या सूप हातात घ्याल तेव्हा माझंही नाव घेऊ नका. इतकी वर्षं त्या सुपाला मी भक्तीनं हात लावला. आता नाही लावणार.

काकू बोट वर करते आहे. काय गं? "मन्हं बी नाव लिऊ नको." ऐकलंत दादा? मी पढवलेलं नाही हे. मी फक्त माझं ठरवून आले होते.

उद्या संध्याकाळी माझ्या घरी पाच जणांच्या नावाचे गहू सुपात पडतील. भूमिका, नुरहान, मी, काकू आणि आमचा हेमकांत. नुरहानवहिनींनी काल माझ्याकडे पुरणपोळी शिकून घेतली. माझ्यापेक्षा पातळ लाटतात. ज्या बायकांना गाण्याला यायचं असेल त्यांनी अवश्य या. तुमच्याकडे उद्या गाणं कोण उचलणार, दादा, मला माहीत नाही. टीव्हीवाले विचारतील. राजेंद्रकडे ती चित्रफीत आहे, ती लावा. तुम्हाला आवडलेलीच आहे. आणि आमच्याकडे यावंसं वाटलं तर तुमचीही सोय होईल. ओट्यावर. पाव्हन्यांची पंगत तिथंच असते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

उरलेले आभार भराभर मानते. चुनीलालशेठ, तुम्ही वेळ काढून आलात आणि आमच्या घरातलं भांडण इतक्या सभ्यपणे ऐकून घेतलंत, तुमची ऋणी आहे. मंडपवाले, ध्वनिक्षेपकवाले, ज्यांनी इतका वेळ माईक बंद पाडला नाही, त्यांचे तर फारच. स्वयंपाक करणाऱ्या बायकांचे आभार. मुकाट ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सगळ्यांचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा नामोल्लेख राहिला असेल, कोणाचा मान कमी-जास्त झाला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. अध्यक्षांबद्दल जे बोलले ते मात्र भरात बोलले नाही. त्याची माफी मागत नाही, आणि दादा, तुम्हीही ती देऊ नका.

राजेंद्र, वाढायला सांग रे. बट्ट्या गार होतील.

नुरहान, कम विथ मी. भूमिका, काकूची पिशवी घे. काकू, ऊठ. माझा हात धर, इथली पायरी उंच आहे.